मूल बोलत नाही, याचा जाब कुणाला?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला विषय दिलाय ‘लहान मुलांचा भाषाविकास आणि पालकांचं मार्गदर्शन’. सकाळपासून आपण पोटगी, घरावरचा हक्क, पोलीस ठाण्यातले अनुभव यावर बोलतोय आणि त्यात हा विषय. पत्रिका पाहून दोघी-तिघींनी मला विचारलंच, की बाई, हे बालवाडीच्या शिक्षिकांचं काम, आपल्या शिबिरात कशाला?

तर आधी त्याचं उत्तर देते. मी नाशिकच्या कामगार वस्तीत काम करते. आमच्या सल्ला केंद्रात बाई येते ती नवरा मारतो म्हणून, सासू घालूनपाडून बोलते म्हणून. पण तक्रार ऐकत बसलं की मधेच येतं, ‘पोरगं अडीच वर्षांचं झालं, अजून बोलत नाही. सगळे म्हणतात मीच मुखदुर्बळ, म्हणून पोरगं मुकं.’ भाजीत मीठ जास्त पडलं, मुलगी झाली, तसं हेही एक कलम आरोपपत्रात लागतं. मग ती बाई दवाखान्यात नाहीतर अंगणवाडीत जाते. तिथे आपल्यासारख्या शिकलेल्या बाया तिच्या हातात पत्रक देतात. त्यावर छापलेलं असतं, ‘आईने बाळाशी सतत बोलावे.’ घरच्यांचा आरोप आता छापून आला. मूल बोलत नाही याचा जाब आईने द्यायचा, हे आपण शास्त्राच्या नावाने पक्कं केलं.

माझं म्हणणं असं, की पालकांना शिकवण्यासारखं यात खरोखर काही आहे. ते फार उपयोगी आहे आणि त्याला पैसा लागत नाही. पण ते आईवरच्या गृहपाठाच्या रूपात गेलं तर घात करतं. म्हणून दोन्ही गोष्टी बोलणार आहे.

मूल बोलायला शिकतं कसं? जन्मायच्या आधीपासून त्याला आवाज ऐकू येत असतात. चार-सहा महिन्यांचं झालं की ते आवाज काढतं, मग ‘बाबाबा, दादादा’ असं चालतं. वर्षाच्या आसपास बोट दाखवायला लागतं, एखादा अर्थाचा शब्द येतो. दोन वर्षांपर्यंत ‘दूध दे’, ‘बाबा गेला’ असे दोन शब्द जोडले जातात. थोडं मागेपुढे होतं. पण या सगळ्यात मला सर्वात मोठी गोष्ट वाटते ते बोट. मूल बोट दाखवतं म्हणजे ते म्हणतं, मी बघतोय ते तूही बघ. त्या क्षणी कुणीतरी तिकडे बघणं आणि काहीतरी म्हणणं, एवढाच सगळा अभ्यासक्रम आहे.

उदाहरण घेऊ. पत्र्यावर कावळा बसलाय. मूल बोट दाखवून ‘आ!’ करतं. आई धुणं पिळता पिळता मान वळवते, ‘कावळा! कावळा बसला.’ आणि थांबते. हे थांबणं महत्त्वाचं. मनातल्या मनात पाच म्हणेपर्यंत थांबायचं. मूल ‘का’ म्हणतं. आई म्हणते, ‘हो, काव काव करतो. उडाला बघ कावळा.’ झालं. मुलाची एक पाळी, आईची एक पाळी, परत मुलाची. त्याने जे म्हटलं त्यात एखादा शब्द आपण घालून परत द्यायचा. चूक काढायची नाही, ‘का नाही, कावळा म्हण, नीट म्हण’ असं करायचं नाही. नीट शब्द त्याच्या कानावर पडला की पुरे.

आम्ही पालकांना हे शिकवताना भाषण देत नाही. दहा मिनिटं त्यांना मुलाबरोबर डबे-झाकणं देऊन बसवतो आणि बघतो. बहुतेक घरांत काय दिसतं सांगू? फौजदाराची चौकशी! ‘हे काय आहे? ते काय आहे? मावशींना नाक दाखव. डोळे कुठेत? सांग ना, काल तर सांगत होतास.’ मूल गप्प. पाहुण्यांसमोर पोराची परीक्षा घ्यायची आपल्याकडे मोठी हौस. मग आम्ही एवढंच सुचवतो, की पुढची पाच मिनिटं एकही प्रश्न विचारायचा नाही, ते ज्याला हात लावेल त्याबद्दल बोलायचं. पाच मिनिटांत फरक दिसतो, आणि तो आईला स्वतःला दिसतो. ‘अगंबाई, हा बोलतोय की!’ हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. तिला तिचं चुकतंय हे सांगायची गरजच पडत नाही.

आता थोडं संशोधनाबद्दल, कारण ते आपल्यावर फेकलं जातं. अमेरिकेत हार्ट आणि रिस्ली या दोघांनी कॅन्सस सिटीतल्या ४२ कुटुंबांत महिन्याला एक तास याप्रमाणे जाऊन मुलांच्या कानावर पडणारे शब्द मोजले. १९९५ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यातून ‘गरीब घरातलं मूल ३ कोटी शब्द कमी ऐकतं’ हे वाक्य जगभर पसरलं. त्या ४२ पैकी सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबं होती फक्त ६, हे मात्र त्या वाक्याबरोबर पसरलं नाही. तो आकडा इतक्या थोड्या घरांवरून बांधलेला अंदाज होता. २०१८ साली दुसऱ्या संशोधकांनी आईखेरीज घरातल्या इतरांचं आणि मुलाच्या भोवती चालणारं बोलणंही मोजलं, तेव्हा ती दरी तशी सापडली नाही. एकाच आर्थिक थरातल्या घराघरांतही खूप फरक होता. आपल्या वस्तीतल्या ओट्यावर संध्याकाळी बसून बघा. आजी, शेजारीण, मोठी भावंडं, नळावरची भांडणं. तिथे शब्दांचा तुटवडा आहे असं कोण म्हणेल?

त्याच वर्षी अमेरिकेतल्याच आणखी एका अभ्यासात चार ते सहा वर्षांची मुलं घेतली होती. त्यात दिसलं, की कानावर किती शब्द पडले यापेक्षा मूल आणि मोठं माणूस यांच्यात किती वेळा बोलण्याची देवाणघेवाण झाली, त्याचा मुलाच्या भाषेशी आणि मेंदूच्या कामाशी जास्त संबंध होता. घरची मिळकत कितीही असो. शब्द मोजायला बसलं की गरीब बाई कमी ठरते. पाळ्या मोजल्या तर तसं ठरलेलं नसतं. नुसता टीव्ही चालू ठेवला तर शब्द हजारो, आणि पाळी एकही नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये १२९ खुरटलेली मुलं घेतली, ९ ते २४ महिन्यांची. आपल्या आशाताईंसारख्या आरोग्य कार्यकर्त्या दोन वर्षं दर आठवड्याला एक तास काही घरांत जात. घरातल्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी, आईबरोबर खेळ, गप्पा. वीस वर्षांनी पाहिलं तर ज्यांच्या घरी या भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई, भेटी न झालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसता पूरक आहार मिळालेल्यांत इतका टिकाऊ परिणाम दिसला नाही. आपल्या योजनांत पाकिटं वाटण्यावरच सगळा भर असतो, त्यांनी हे जरूर वाचावं.

ती पद्धत आपल्या देशात ओडिशातही वापरली. तिथल्या खेड्यांत घरोघरी जाणं आणि आयांचे गट घेणं, असं दोन्ही करून पाहिलं. २०२० साली निष्कर्ष आले. दोन्हींचा मुलांना फायदा जवळपास सारखा, आणि गट कितीतरी स्वस्त. मैत्रिणींनो, आयांचे गट! हे काम आपण सोडून कुणाला जास्त चांगलं जमतं? बैठकीत बायका मुलं घेऊनच येतात. आपण त्यांना ‘मुलांना जरा बाहेर बसवा’ म्हणतो. त्याऐवजी बैठकीतली पंधरा मिनिटं या कामाला देता येतात.

आता ‘पालक’ या शब्दाकडे येते. शब्द मोठा सभ्य आहे, त्यात आई-बाप दोघं येतात. पण पालकसभा म्हणजे आयांची सभा, हे तुम्हालाही माहीत आहे आणि सभा बोलावणाऱ्यालाही. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरातल्या माणसांच्या संगोपनात गुंतलेल्या दिसल्या, पुरुष २१.४ टक्के. जे गुंतलेले त्यांतही बायका दिवसाला सुमारे १४० मिनिटं देतात, पुरुष ७४. स्वयंपाक, धुणीभांडी, पाणी हे त्याशिवाय. त्या १४० मिनिटांत आंघोळ घालणं, भरवणं, झोपवणं आहे. त्यातच आम्ही सांगतो, ‘आता भाषाविकासही करा.’

म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, बाईला जादा वेळ मागायचा नाही. आंघोळ घालतेच आहेस ना, मग तिथेच. ‘पाणी आलं डोक्यावर... आता?’ आणि थांब. मटार सोलताना, कपडे घडी करताना. तेही रोज नाही जमलं तर नाही. काही दिवस तिला गप्प बसावंसं वाटेल. बसू दे.

दुसरं, बापाला सोडायचं नाही. आमच्या वस्तीतले पुरुष पाळीवर जातात, दिवसा भेटत नाहीत, म्हणून रात्री आठनंतर किंवा सुट्टीच्या दिवशी गाठायचं. पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ‘ते बोलायला लागलं की बोलू की त्याच्याशी, आत्ता काय बोलायचं?’ त्यांना भाषाविकास वगैरे सांगून उपयोग नाही. पण संध्याकाळी पोराला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून एक चक्कर मारणं, हे बापाला आवडतं. आम्ही तेच धरलं. चकरेत गाडी दोनदा थांबवायची. मूल ज्याच्याकडे बघेल त्याचं नाव घ्यायचं, आणि घरी आल्यावर काय पाहिलं ते दोघांनी मिळून आजीला सांगायचं. काही बाप खरोखरच करतात. एकाने मला येऊन सांगितलं, ‘ताई, जेसीबी म्हणाला.’ पोराचा पहिला मोठा शब्द जेसीबी! तो आईने शिकवलेला नाही, याचा त्या बापाला झालेला आनंद बघण्यासारखा होता. सगळेच असे नाहीत. पण पुरुषांना बोलवायचंच नाही आणि मग पुरुष येत नाहीत म्हणायचं, हे आपण थांबवू या.

तिसरी बाब भाषेची. आमच्या वस्तीत खानदेशातून आलेली खूप कुटुंबं आहेत. घरात अहिराणी. बाई पोराला ‘आठे ये’ म्हणून हाक मारते, आणि कुणी शिकलेलं माणूस दारात आलं की ओशाळून ‘इकडे ये’ म्हणते. तिला कुणीतरी सांगितलेलं असतं, की गावठी बोललात तर पोर शाळेत मागे पडेल. शेजारची उत्तरेकडून आलेली बाई भोजपुरी गिळून हिंदी बोलते. आणि आता इंग्रजी शाळेच्या धास्तीने ‘वॉटर पी’, ‘डॉग बघ’ सुरू झालंय. या उसन्या भाषेत त्या बाईजवळ शब्द किती? वीस-पंचवीस. तेवढ्यात ती गोष्ट सांगणार? लटकं रागावणार? ती आपोआप कमी बोलते, हुकूम तेवढे देते. दोन भाषा ऐकल्यामुळे मूल बोलायला अडखळतं हा समज खोटा आहे. मुलं दोन काय, तीन भाषाही पेलतात. ज्या भाषेत आपण मनापासून भांडतो, हसतो, माहेरच्यांची आठवण काढतो, तीच मुलाशी बोलावी. आणि आपल्या गटात कुणी बाईच्या बोलीला हसलं तर तिथल्या तिथे टोकावं, कार्यकर्ती असली तरी.

मोबाइलबद्दल प्रश्न येणारच, म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय, की वर्षाच्या आतल्या मुलाला पडदा नकोच, दुसऱ्या वर्षातही नको आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला तासापेक्षा जास्त नको. बरोबर आहे ते. पण दहा बाय दहाच्या खोलीत, पेटत्या गॅसजवळ, रांगतं मूल आणि एकटी बाई. मोबाइल हे तिचं पाळणाघर झालंय. तो काढून घ्यायला सांगण्याआधी त्या तासाला मूल कोण धरणार ते विचारा. नवरा त्याच खोलीत स्वतःचा मोबाइल बघत बसलेला असतो, हेही दिसेल.

आणि आता ज्यासाठी मी हा विषय इथे आणला ते. काही घरं अशी असतात जिथे बोलण्यालाच भीती आहे. बाईने तोंड उघडलं की मार. ती दिवसभर शब्द जपून वापरते. तीन वर्षांची एक मुलगी आमच्याकडे आईबरोबर यायची. बाहुलीशी पुटपुटायची, पण दारात पुरुषाचा आवाज आला की गप्प. आईने सांगितलं, घरी ती बोलतच नाही. दुसऱ्या घरातला मुलगा बोलायचा, पण त्याचे पहिले स्पष्ट शब्द म्हणजे शिव्या, बापाच्या तोंडून आईसाठी निघालेल्या. अशा घरात चित्रांची कार्डं घेऊन जाणं ही थट्टा आहे. तिथे भाषेचं काम म्हणजे मार थांबवणं, २००५ च्या कायद्याखाली संरक्षणाचा आदेश मिळवणं, बाईला आणि मुलाला निर्भयपणे बसता येईल अशी जागा देणं. ती मुलगी पुढे केंद्रात बोलायला लागली. आई मोठ्याने बोलायला लागली त्यानंतर. याचा मी सिद्धांत करत नाही. पण केंद्रात बाईची हकिगत लिहून घेताना मुलाचं बोलणं कसं आहे, हे एक ओळ आपण विचारलं पाहिजे आणि नोंदवलं पाहिजे.

मात्र सगळंच बोलण्यावर ढकलू नका. मूल वर्षाचं झालं तरी बडबडत नाही किंवा बोट दाखवत नाही, दीड वर्षाला एकही शब्द नाही, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेलं बोलणं गेलं, यातलं काहीही असेल तर आधी कानाची तपासणी. घरी थाळी वाजवून मान वळवली म्हणजे ऐकू येतं, असं नाही. थाळी ऐकू येणाऱ्या मुलाला बोलणं नीट ऐकू येत नसेल. ‘याचा बापही उशिराच बोलला’ किंवा ‘जिभेखालचा दोर कापा’ म्हणणाऱ्यांचं ऐकून वर्षं घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरातूनच सुरू झाला. त्यात ऐकण्याची आणि विकासातल्या उशिराची तपासणी आहे, जिल्ह्याला उपचार केंद्राची तरतूद आहे. अंगणवाडीताई किंवा आशाताईकडून चिठ्ठी घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. मूल बहिरं निघालं तर त्यात आईचा दोष नाही, आणि त्या मुलालाही भाषा हवी, खुणांची असो वा श्रवणयंत्राच्या मदतीने बोलण्याची.

आणि मुलींकडे जास्त लक्ष द्या. मुलगा बोलला नाही तर धावपळ होते, कर्ज काढतात. मुलीच्या बाबतीत मी ऐकलंय, ‘पोरीची जात, कमी बोलली तर बरंच.’ हसताय, पण तुम्हीही ऐकलं असेल.

शेवटी मागण्यांचं. अंगणवाडी १९७५ मध्ये सुरू झाली. तीन वर्षांखालच्या मुलासाठी तिच्याकडे पाकीट, वजनकाटा आणि घरभेटीचं रजिस्टर. २०२४ मध्ये केंद्र सरकारने या वयासाठी ‘नवचेतना’ नावाचा आराखडा काढला, त्यात महिन्यामहिन्याचे खेळ दिलेत. खेळ चांगले आहेत. ते घरोघरी नेणार कोण? तीच सेविका. मोबाइलवर नोंदी भरणारी, मानधनावर राबणारी, स्वतःचं मूल शेजारणीकडे टाकून आलेली. तिच्या मानधनाचा प्रश्न हा भाषाविकासाचाही प्रश्न आहे. आणि पाळणाघरं. दिल्लीत १९६९ साली बांधकामावर राबणाऱ्या बायांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेसचं काम सुरू झालं. आपल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षण अंगणात नेलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. अंगणवाडी हा शब्द त्या कामातून आपल्याला मिळाला. आणि आज विटभट्टीवरच्या, ऊसतोडीच्या बाईचं तान्हं कुणाकडे असतं? तिच्या आठ-दहा वर्षांच्या मुलीकडे. त्या ताईला ‘धाकट्याशी असं बोल, तसं बोल’ शिकवू नका असं माझं मत आहे. ती शाळेत असायला हवी. माझ्या काही सहकारी म्हणतात, ती घरी आहेच तर शिकवायला काय हरकत आहे? यावर गटात वाद झाला तर बरंच होईल.

आता चहा आहे. त्यानंतर पाच-सहा जणींचे गट करू. प्रत्येक गटाला डबे, झाकणं, चिंध्या आणि कांद्याचं जाळं मिळेल. शिबिराला मुलं घेऊन आलेल्या मैत्रिणींनी मुलांना गटातच आणा, पाळणाघरात ठेवू नका. एकीने मुलाबरोबर बसायचं, दुसरीने नुसत्या पाळ्या मोजायच्या, तिसरीने घड्याळ लावून पाहायचं की आपण किती वेळ थांबतो. आणि स्वयंपाकघरात आपल्यासाठी चहा करणारे दोन दादा आहेत, त्यांनाही मी सांगून ठेवलंय. त्यांना एकेका गटात घ्या.